जानेवारी १९२० : नांगरांचे पत्र आणि मुक्यांचे पत्र

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत नियतकालिकांचे प्रकरण असते, आणि त्या प्रकरणात 'किर्लोस्कर' मासिकाला मानाचे स्थानही असते. मात्र ते दिलेले असते ते त्याच्या कथाकारांमुळे, त्यातील सामाजिक निबंधांमुळे आणि सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ लेखांमुळे. हे मासिक आरंभी एका नांगराच्या कारखान्याचे माहितीपत्र होते, ही गोष्ट इतिहासकार एका वाक्यात उरकून टाकतात. एखाद्या घराण्याने आपल्या मूळपुरुषाचा किराणा दुकानाचा धंदा सांगताना जरा आवाज खाली आणावा, तसा हा प्रकार आहे. दुसरीकडे 'मूकनायक' ह्या पाक्षिकाचा उल्लेख सामाजिक चळवळीच्या इतिहासात आदराने होतो, पण तेथे तो दस्तऐवज म्हणून होतो. त्याचे गद्य कसे आहे, त्याची वाक्ये कशी चालतात, त्यातील प्रतिमा कोठून आल्या, असा प्रश्न विचारण्याची आवश्यकता आपल्या समीक्षेला फारशी वाटलेली नाही. एकाला उपयुक्त म्हणून आणि दुसऱ्याला पूज्य म्हणून आपण वाचनातून वगळले आहे. ही दोन्ही पत्रे एकाच महिन्यात, १९२० च्या जानेवारीत सुरू झाली. दोन्हींचे कर्ते १८९१ साली जन्मलेले. शंकर वासुदेव किर्लोस्कर आणि भीमराव रामजी आंबेडकर. योगायोगाला मी फार किंमत देणाऱ्यांपैकी नाही. पण ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग मला अलीकडे आला, आणि तो ज्या निमित्ताने आला ते निमित्त सांगितल्यावाचून पुढचे विवेचन नीट उमगणार नाही.

मी ज्या शाळेत काम करतो ती महूची आहे. मराठीची दोन कपाटे तेथे अद्याप आहेत. मराठी शिकविणारा वर्ग मात्र आता नाही. आमचा एक जुना विद्यार्थी इंदूरला व्यवस्थापनशास्त्र शिकतो. तो दिवाळीच्या सुट्टीत भेटावयास आला. एका मराठी मंडळात त्याला वीस मिनिटे बोलावयाचे होते, आणि विषय दिला होता 'उद्योगातील नेतृत्व आणि भाषेचे सामर्थ्य'. घरी मराठी बोलणारा, पण लिहिण्यास कचरणारा असा हा मुलगा. त्याने भाषणाचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. मसुद्यात दूरदृष्टी होती, सक्षमीकरण होते, प्रेरक संवाद होता, आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात 'मानव संसाधन' होते. मी विचारले, "संसाधन म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सर, जे वापरावयाचे ते. कोळसा, पाणी, भांडवल." मग स्वतःच थांबला.

त्यानंतर त्याने जे सांगितले ते भाषणात नव्हते. पीथमपूरच्या एका कारखान्यात तो उन्हाळ्यात उमेदवारीसाठी दोन महिने होता. महूपासून हे औद्योगिक क्षेत्र जवळच आहे. १९८० नंतरच्या दशकात ते वाढले, आणि आमच्या भागातील कितीतरी घरांची चूल आज त्यावर चालते. तेथे वरिष्ठांनी त्याला एक सूचना लिहावयास सांगितली. त्याने ती इंग्रजीत लिहिली, कचेरीतल्या कोणी तिचे सरकारी वळणाच्या हिंदीत भाषांतर केले, आणि ती फळ्यावर लागली. अपरिहार्य परिस्थितीमुळे पाळ्यांचे पुनर्नियोजन होत असून संबंधितांचे सहकार्य अपेक्षित आहे, असा तिचा आशय. पन्नास-साठ माणसे तिच्यापुढे उभी राहिली. वाचता येत नव्हते असे नव्हे. वाचून झाल्यावरही ती तशीच उभी होती. अखेर एका वयस्क फोरमनने माळवी मिसळलेल्या हिंदीत दोन वाक्यांत सांगून टाकले, की रात्रपाळी महिनाभर बंद आहे, आणि खाली ज्यांची नावे आहेत त्यांना ह्या महिन्याचा पगार निम्माच मिळेल. लोक पांगले. त्यांपैकी एकजण जाताना ह्या मुलाकडे पाहून गेला. ते पाहणे त्याला अजून विसरता आलेले नाही. "सर," तो म्हणाला, "व्याकरण तर सगळे बरोबर होते."

त्याला उत्तर देण्याऐवजी मी कपाटातून दोन पुस्तके काढली. शंकरराव किर्लोस्करांनी लिहिलेले आपल्या काकांचे, म्हणजे लक्ष्मणरावांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा', आणि महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केलेला 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' ह्यांचा खंड. पुढचे लिखाण त्या दोन पुस्तकांवर आम्ही दोघांनी चार संध्याकाळी केलेल्या चर्चेतून निघाले आहे. मतांची जबाबदारी अर्थातच माझी.

प्रथम कारखान्याकडे जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रंगांधत्वामुळे रंगकाम सोडावे लागले, ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावास आले. सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी. ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. आमच्या बाजूला देवासला त्यांच्या वारसांचा पंपांचा कारखाना आहे, त्यामुळे माळव्यातही ते नाव अपरिचित नाही. तिचा एकच भाग मला येथे घ्यावयाचा आहे. लोखंडी नांगर शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी त्याची समजूत होती. नांगर तयार पडून राहिले.

चरित्रकार हा प्रसंग सांगतात तेव्हा तो अडचण म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. यांत्रिकाच्या यात्रेत तो एक खडक आहे. तथापि भाषेच्या दृष्टीने पाहू गेल्यास ह्या प्रसंगाचे स्वरूप निराळे दिसते. जाहिरात लिहिणाऱ्याला येथे शब्दाची मर्यादा प्रथमच कळते. शेतकऱ्याला 'हा नांगर उत्तम आहे' असे कितीही अलंकारिक भाषेत सांगितले तरी त्याचे समाधान होणार नव्हते, कारण त्याचा आक्षेप उत्तमपणाबद्दल नव्हताच. त्याला आपल्या जमिनीची भीती वाटत होती. त्याला पटविण्याचे एकच साधन होते. नांगर शेतात घालावयाचा, तास किती खोल जातो ते दाखवावयाचे, आणि त्यावर जे पीक येईल त्याला बोलू द्यावयाचे. ज्या भाषेला शेतातल्या तासाशी आपली ताडणी करून घ्यावी लागते, तिच्या अंगी आपोआप एक काटकसर येते. विशेषणे गळतात. मापे येतात. शंकररावांच्या गद्यातील जो स्वच्छपणा पुढे 'किर्लोस्कर'च्या वाचकांना आवडला, त्याचे मूळ मला येथे दिसते. त्यांना वाङ्मयीन शैलीचे गुरू कोण, असा प्रश्न कोणी विचारल्यास 'नांगराचा फाळ' असे उत्तर देण्याचा मोह होतो. तो मी आवरत नाही.

'किर्लोस्कर खबर' हे पत्र गिऱ्हाइकांसाठी होते, आणि म्हणून इतर मराठी मासिकांहून त्याची एक गोष्ट मुळातच वेगळी होती. 'निबंधमाले'पासून 'मनोरंजना'पर्यंतच्या आपल्या मासिकांनी वाचक गृहीत धरला तो सुशिक्षित. तो शहरात राही, त्याला संस्कृताची नाही तर इंग्रजीची ओळख असे, आणि लेखक त्याच्याशी दिवाणखान्यात बसून बोले. 'खबर'चा कर्ता जो वाचक डोळ्यांपुढे ठेवतो तो यंत्र विकत घेणारा आहे. चुकीची माहिती दिली तर तो पुढच्या हंगामात परत येऊन जाब विचारील. लेखकाच्या शब्दावर वाचकाचा पैसा अडकलेला आहे. माझ्या मते मराठी गद्याच्या इतिहासात हा संबंध नवा होता आणि आरोग्यकारक होता. 'खबर' हा शब्द नावातून पुढे गळला आणि 'किर्लोस्कर' एवढेच राहिले. मासिक वाङ्मयीन झाले, मोठे झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडेही त्याला लाभली. त्या सर्व कार्याबद्दल पूर्ण आदर राखूनही मला असे म्हणावेसे वाटते की, मासिक जसजसे सुसंस्कृत वाचकाचे होत गेले तसतसा तो जुना, जाब विचारणारा गिऱ्हाईक त्यातून मागे सरकला. इतिहासकार ज्याला बाल्य म्हणतात त्या काळाचे स्वतंत्र विवेचन कोणी तरुण अभ्यासकाने करावे, अशी माझी इच्छा आहे.

येथे माझ्या विद्यार्थ्याने एक प्रश्न केला. "गिऱ्हाईक जाब विचारील हे खरे, सर. पण कामगार?" प्रश्न मर्मावर होता. 'यांत्रिकाची यात्रा' ह्या चरित्रात सहकाऱ्यांची चित्रे जिव्हाळ्याने रेखाटलेली आहेत, आणि लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाचे रहस्य माणसांची पारख करण्यात होते हे त्यावरून पटते. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता मानू दिली नाही. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ह्या शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी वसाहतीच्या रखवालीवर नेमले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. आजही व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून हे उदाहरण देता येईल, आणि कोणी देत असल्यास ते योग्यच आहे. पण चरित्राचा वाचक म्हणून पाहिले तर ह्या दोन माणसांविषयी आपल्याला जे कळते ते सर्व दुसऱ्याच्या तोंडून. विश्वास टाकणारा बोलतो. ज्याच्यावर विश्वास टाकला तो आपल्या वागणुकीने उत्तर देतो. त्याला काय वाटले, रात्री कंदील घेऊन माळावर फिरताना तो स्वतःशी काय म्हणत होता, हे कोणी त्याला विचारून लिहून ठेवलेले नाही. हा शंकररावांचा दोष म्हणून मी नोंदवीत नाही. चरित्रप्रकाराची, आणि त्या काळच्या एकूण मराठी लेखनाचीच ती कड आहे. त्या कडेपलीकडे जे उभे होते त्यांच्यासाठी त्याच महिन्यात दुसरे पत्र निघाले. त्याचे नावच 'मूकनायक'.

आंबेडकरांचा जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१ चा, हे येथे शाळेतील लहान मूलही सांगते. २००३ पासून गावाचे अधिकृत नावही डॉ. आंबेडकर नगर आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, ही गोष्ट मात्र तितक्या वेळा सांगितली जात नाही; व्यवसायबंधू म्हणून मी ती आवर्जून सांगतो. भीमराव दोन-तीन वर्षांचे असतानाच कुटुंब महू सोडून गेले. त्यांच्या भाषेवर ह्या गावाचा संस्कार झाला असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे होईल. संस्कार झाला तो वडिलांचा. ह्या मुख्याध्यापक बापाने मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचे धडे घोटून घेतले आणि त्याच घरात संतांच्या अभंगांचे पठणही चालू ठेवले. एकाच वाक्याला दोन भाषांत तोलून पाहण्याची सवय आणि तुकारामाची रोकठोक बोली, ह्या दोन्ही गोष्टी पुढे 'मूकनायका'च्या गद्यात दिसतात. पत्राच्या शिरोभागी तुकारामाचाच अभंग होता. भीड धरून बसणाऱ्या मुक्याचे हित होत नाही, अशा आशयाचा.

परंतु आज मला त्यांच्या ज्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे ती व्यापार आणि अर्थशास्त्र ह्यांच्या विद्यार्थ्याची आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ ह्या काळात त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्र अभ्यासिले. त्या वेळच्या त्यांच्या लेखनात प्राचीन भारतीय व्यापारावर एक प्रबंध आहे. परत आल्यावर पोटासाठी त्यांनी मुंबईत रोखे आणि भाग ह्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. विद्या परदेशातली, विषय हातखंडा, आणि शहर भारताच्या व्यापाराची राजधानी. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे विद्यार्थी त्यांचे व्याख्यान कान देऊन ऐकत, आणि काही सहकाऱ्यांना त्यांनी एकाच माठातले पाणी घेण्यावर हरकत होती.

त्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. शेत लहान आहे म्हणून ते परवडत नाही, असे सर्वजण म्हणत होते. आंबेडकरांनी सांगितले की, शेताचा आकार एकटा काही ठरवीत नाही. अवजारे, बैल, भांडवल आणि राबणारे हात ह्यांचे जमिनीशी प्रमाण काय, ह्यावर ते परवडणे अवलंबून असते, आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी करावयाचा तर देशात उद्योग वाढले पाहिजेत. हा निबंध वाचताना मला किर्लोस्करवाडीच्या माळाची आठवण होते. एक माणूस नांगर घडवीत होता, आणि त्या नांगराची अर्थशास्त्रीय आवश्यकता दुसरा सिद्ध करीत होता. एकाच्या माळावर मराठी चालत होती. दुसऱ्याचे प्रमेय इंग्रजीत राहिले. मराठी शेतकऱ्याला ते त्या वेळी मिळाले नाही. आंबेडकरांच्या लेखनाविषयी कोणाला तक्रार करावयाची असेल, तर माझी एवढीच आहे. आणि ती करतानाही मला हे विसरता येत नाही की, त्या निबंधाला मराठीत छापून प्रामाणिक वाद घालील असे व्यासपीठ त्यांना कोणी देऊ केले नव्हते.

म्हणून त्यांनी व्यासपीठ स्वतः उभारले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायका'चा पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. आंबेडकर सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे नाव होते. पत्राची जाहिरात पैसे देऊन छापावी म्हणून 'केसरी'कडे पाठविली. ती नाकारली गेली. ह्या नकाराचा उल्लेख नेहमी जातीय अन्यायाचे उदाहरण म्हणून होतो, आणि तो तसा आहेच. 'किर्लोस्कर खबर'च्या शेजारी ठेवला की त्याचा आणखी एक अर्थ उघड होतो. शंकरराव जाहिरातीच्या खात्याचे. त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचा पाया हा की, पैसा मोजला म्हणजे छापील जागा मिळते आणि त्या जागेतून आपला शब्द अनोळखी माणसापर्यंत पोचतो. व्यापाराची भाषा असे मानते की पैशाला जात नसते. ज्याला रोख्यांचा सल्ला देता आला नाही आणि रोख पैसे देऊन चार ओळी छापता आल्या नाहीत, त्याला हे गृहीतक खोटे आहे हे अनुभवाने ठाऊक होते. दोघांच्या गद्यातील फरक ह्या एका ज्ञानाचा आहे.

पहिल्या अंकातील अग्रलेख आता वाचून पाहावा. त्याचा आरंभ अर्थशास्त्रज्ञाचा आहे. सृष्टीची समृद्धी आणि तिच्यात राहणाऱ्या माणसांचे दारिद्र्य ही विसंगती तो प्रथम मांडतो. मग ह्या विषमतेच्या पोटातील दुसरी, समाजातील विषमता दाखवितो. पुढे मनोऱ्याची सुप्रसिद्ध प्रतिमा येते. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा आहे आणि त्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. ह्या प्रतिमेत अश्रू नाहीत. करुणेचे आवाहन करणारा लेखक अंधारी कोठडी रंगवील, साखळदंड रंगवील. आंबेडकरांनी बांधकामातील दोष दाखविला. शिडी राहून गेली आहे, असे स्थापत्य तपासणाऱ्याच्या शांत स्वरात ते सांगतात, आणि तेवढ्यानेच तो मनोरा वाचकाच्या मनात कायमचा ओंगळ होतो. एकाच जहाजातल्या उतारूने दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी जहाजाला भोक पाडले तर तोही बुडेल, हा दृष्टांतही त्याच जातीचा. दयेची याचना तेथे कोठेच नाही. हिशेब दाखविलेला आहे. आणि पूर्वी निघून बंद पडलेल्या अस्पृश्यांच्या पत्रांची, 'सोमवंशीय मित्र' इत्यादींची, नावे ते एकेक करून घेतात, तेव्हा नवी पेढी उघडणारा माणूस बुडालेल्या पेढ्यांची यादी काढून समोर ठेवतो आहे असे वाटते. वर्गणीदारांचा आश्रय मिळाला तर पत्र टिकेल, हेही ते स्पष्ट सांगतात. अग्रलेख लिहिताना असा व्यवहार बोलण्याची अनेकांना लाज वाटते.

ह्या गद्याला दोष नाहीत असे नाही. संस्कृत समासांचा भार कित्येकदा ज्या वाचकासाठी पत्र निघाले त्याला पेलणार नाही इतका होतो, आणि वाक्य तीन-चार वळणे घेऊन संपते. माझ्या विद्यार्थ्याला दोन ठिकाणी अडले. मलाही एका ठिकाणी मागे जावे लागले. मुक्यांचे पत्र मुक्यांना वाचून दाखवावे लागत असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ह्या वाक्यांतील अवघडपणा विचार पूर्ण उघडा करण्याच्या खटपटीतून आलेला आहे. पीथमपूरच्या सूचनेतील अवघडपणा 'निम्मा पगार' हे दोन शब्द झाकण्यासाठी आलेला होता. दोन्ही ठिकाणी संस्कृत शब्दच असतात, म्हणून आपण दोहोंना एकच नाव, 'बोजड', देऊन मोकळे होतो. समीक्षकाने तरी असे करू नये.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र 'खबर' जिंकली आणि 'मूकनायक' हरला, हे मान्य केले पाहिजे. जुलै १९२० मध्ये आंबेडकर उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. पत्र त्यांच्यामागे कसेबसे चालले आणि १९२३ मध्ये बंद पडले. 'खबर'च्या पाठीशी कारखाना होता. नांगर खपत होते तोवर कागदाचे बिल भागत होते. 'मूकनायका'च्या पाठीशी जे होते त्यांच्याजवळ वर्गणीला पैसा नव्हता आणि पुष्कळांजवळ अक्षरही नव्हते. नेता दूर गेला तर संस्था टिकत नाही हा धडा ह्यातून कोणी काढील, काढावा. मला मात्र त्या तीन वर्षांत लंडनला काय लिहिले जात होते, इकडे पाहावेसे वाटते.

१९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ. त्याचा विषय तांत्रिक आहे आणि मी अर्थशास्त्री नाही. परंतु त्यातील मध्यवर्ती आग्रह माझ्यासारख्यालाही कळतो. चलन किती काढावयाचे हे ते काढणाऱ्याच्या मर्जीवर सोपवू नये, कारण मर्जी सोपविली की ते अधिक निघते, अधिक निघाले की त्याचा कस उतरतो, आणि कस उतरल्याची झळ प्रथम पोचते ती मजुरीवर जगणाऱ्याला. आमच्या इंदूरच्या सराफ्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक असे. हुंडी हा नुसता कागद. तिची किंमत लिहिणाऱ्याच्या अक्षरात नसे. ती पटते की परत येते ह्यात असे. ज्या पेढीची हुंडी एकदा परत आली, तिचे अक्षर कितीही वळणदार असले तरी बाजार ते वाचीत नसे.

मी विद्यार्थ्याला त्याचा मसुदा परत काढावयास सांगितला. 'सक्षमीकरण' हा शब्द सात वेळा होता. मी विचारले, "ही हुंडी कोणावर काढली आहेस? कोणी ती घेऊन आला तर काय देणार?" तो हसला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, "पण सर, आम्हांला पुस्तकांत हेच शिकवितात, आणि ते सारे खोटे नाही." ते मी मान्य केले. नेतृत्वाविषयीचा जो विचार आज जगभर शिकविला जातो त्यात शहाणपणाचा अंश मोठा आहे. ऐकून घ्यावे, विश्वास टाकावा, हेतू स्पष्ट सांगावा, ही तत्त्वे लक्ष्मणरावांनाही पटली असती. अडचण आहे ती ह्या विचाराच्या मराठी, आणि हिंदीही, अवताराची. ते शब्द कोणत्याही शेतात घालून पाहिलेले नाहीत. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने ते वापरलेले नाहीत, नाकारलेले नाहीत, त्यांची थट्टाही केलेली नाही. ज्या शब्दाची कोणी थट्टा केली नाही तो शब्द अजून भाषेत आला असे मी मानीत नाही. 'पाळी', 'खाडा', 'उचल', 'मुकादम', 'हजेरी' हे शब्द गिरण्यांतून आणि कामगारांच्या चाळींतून घासून आलेले आहेत. त्यांत मालकाचा आवाज आहे तसा मजुराचाही आहे. उद्योगनेतृत्वावर मराठीत लिहू पाहणाऱ्याने ह्या शब्दांना अडाणी समजून दूर ठेवले, तर त्याचे लेखन भाषांतरच राहणार.

शंकररावांच्या गद्याला शेतातला तास साक्षीला होता. आंबेडकरांच्या गद्याला साक्षीला कोण होते, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांनी प्रत्युत्तर करावे हीच त्यांची अपेक्षा होती, असे मला वाटते. मुक्यांच्या नायकाने मुक्यांच्या वतीने सदैव बोलत राहावे असा त्या पत्राच्या नावाचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. पुढचा इतिहास पाहता तो पुरेसा नाही. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये आले, 'जनता' १९३० मध्ये. आणि नंतरच्या पिढ्यांत ज्यांना मुके म्हटले होते त्यांनी आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या, आणि मराठी वाङ्मयाला आपली मापे बदलावी लागली. त्या लेखनात आंबेडकरांची शैली क्वचितच आढळते. बहुतेकांनी आपल्या वस्तीची, घराची बोली वापरली. एखाद्या गद्याला मिळणारे उत्तर निराळ्याच भाषेत यावे, ह्याहून मोठे यश मला तरी ठाऊक नाही. 'किर्लोस्कर'ला लेखक पुष्कळ मिळाले, पण ओतकाम करणाऱ्या कामगाराचे उत्तर त्याच्या पानांतून मला अद्याप आढळलेले नाही. मी सर्व अंक पाहिलेले नाहीत, हे प्रांजळपणे सांगतो. कोणी दाखवून दिल्यास हे विधान मी आनंदाने मागे घेईन.

चौथ्या संध्याकाळी मुलाने भाषणाचा मसुदा बाजूला ठेवला आणि एका कागदावर ती कारखान्यातील सूचना पुन्हा लिहून आणली. ह्या वेळी मराठीत, कारण हिंदीत ती तो नंतर करणार होता. चार वाक्ये होती. रात्रपाळी केव्हापासून बंद, केव्हापर्यंत बंद, पगार किती मिळणार, आणि ज्यांना ह्यात अडचण असेल त्यांनी कोणाला, कोठे, किती वाजता भेटावे. खाली सही म्हणून त्याने आपले नाव घातले होते. मी एकच दुरुस्ती सुचविली. तिसऱ्या वाक्यात 'केवळ निम्मा पगार देणे शक्य होईल' असे होते. 'शक्य होईल' काढून 'निम्माच पगार देऊ' असे लिही, म्हटले. त्याने पेन उचलले, आणि बराच वेळ ते कागदावर टेकविले नाही. "असे लिहिले तर वरचे लोक सही करू देणार नाहीत," तो म्हणाला. मी त्याला काही सांगितले नाही, कारण मला सांगता येण्यासारखे काही नव्हते. मी तीस वर्षे शाळेच्या सूचना लिहितो, आणि त्यांतल्या किती 'शक्य होईल'ने संपल्या आहेत ते मला ठाऊक आहे.

तो कागद त्याने 'मूकनायका'च्या खंडात घालून पुस्तक घरी नेले. शाळेच्या नोंदवहीत ते अजून त्याच्या नावावर आहे.